मेळावा घेऊ की गप्प राहू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

मध्य नागपुरातल्या एका जुन्या वस्तीतून ४७ वर्षांच्या एका बाईंनी लिहिलं आहे. त्या घरीच फॉल-पिको आणि ब्लाउज शिवण्याचं काम करतात. सासरे हातमागावर विणायचे. गल्लीच्या एका अंगाला कोष्टी समाजाची घरं आहेत, दुसऱ्या अंगाला मोमीन मुसलमानांची. टोकाला काही बौद्ध कुटुंबं राहतात; पत्रात त्यांच्यावर एकच ओळ आहे. मधे एक लहानसं मैदान. तिथेच गणपतीचा मांडव पडतो, तिथेच मिलादचं स्टेज लागतं आणि एरवी पोट्टे क्रिकेट खेळतात.

मार्च २०२५ मध्ये महाल, हंसापुरी भागात दंगल झाली तेव्हा या गल्लीत काही घडलं नाही, पण त्यानंतर लोक पहिल्यासारखे बोलेनासे झाले. मग हिवाळ्यात क्रिकेटवरून मारामारी झाली. पलीकडच्या एका मुलाचा हात मोडला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्या घोळक्यात बाईंचा १९ वर्षांचा मुलगाही होता, मात्र त्याचं नाव तक्रारीत नाही. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एका पुढाऱ्याला मधे घेऊन बैठक केली, हार घातले, फोटो काढला. आठवड्याभरात तोच फोटो शिव्यांसकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. आता बाईंच्या बाजूचे लोक त्यांच्या मुस्लिम मैत्रिणीच्या नवऱ्याच्या किराणा दुकानात जात नाहीत, आणि पलीकडून यांच्याकडे शिवायला कपडे येत नाहीत. दोन्हीकडच्या बायकांचा १० वर्षं चाललेला बचत गट मार्चपासून भरलेला नाही. गटाच्या खात्यात पैसे तसेच पडून आहेत. त्यावर सह्या दोघींच्या: या बाईंची आणि त्याच मैत्रिणीची.

बाईंना मैदानावर सर्वधर्मीय स्नेहमेळावा घ्यायचा आहे. जेवण, दोन भाषणं, मुलांची गाणी. दीर म्हणतात, "शांत आहे ना सगळं? मग काऊन उकरून काढता?" त्या विचारतात: मेळावा घ्यावा का? मुलाला त्या घरी माफी मागायला न्यावं का? की दिरांचं ऐकून गप्प राहावं?

उत्तर

ताई, नमस्कार.

दिरांच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण तुमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांच्या मनात तोच असणार. सगळं शांत आहे का? तुम्हीच लिहिलंय की सासूबाई मिठाची पुडी आणायलाही आता दोन चौक ओलांडून जातात. मैत्रिणीच्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटलं, तुमचं शिवण निम्म्यावर आलं, आणि ज्या मुलाचा हात मोडला त्याच्या घरी तुमच्या बाजूचं कुणी फिरकलं नाही. याला मी शांतता म्हणणार नाही. दोन्ही बाजू एकमेकींवर नजर ठेवून बसल्या आहेत. अशा गल्लीत पुढचं भांडण क्रिकेटच्या चेंडूनंही सुरू होतं आणि पार्किंगवरूनही.

पण दिरांच्या भीतीतला एक भाग मला पटतो. तयारी नसताना चारशे माणसं एका मैदानावर बोलावली, एकानं माईकवर भलतंच वाक्य उच्चारलं, एकानं ते मोबाइलवर टिपलं, की जे आज दबलेलं आहे ते उघड्यावर येईल. त्या फोटोचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. म्हणून माझं उत्तर दिरांच्या बाजूचंही नाही आणि सध्या तुमच्या मेळाव्याच्या बाजूचंही नाही. का, ते नीट सांगते.

तुम्ही लिहिता, "पहिले आमच्यात किती प्रेम होतं. दिवाळीचा फराळ तिकडे जायचा, ईदचा शीरखुर्मा इकडे यायचा, ताजबागेला सगळे सोबत जायचो. बाहेरच्यांनी बिघडवलं." यातलं काहीच मला खोटं वाटत नाही. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर सगळ्या धर्मांचे लोक जातात आणि या शहराला त्याचा अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. पण एक विचारते. तेव्हा तुम्हाला एकत्र ठेवणारा फक्त शीरखुर्माच होता का?

तुमचे सासरे विणायचे, मैत्रिणीचे सासरेही विणतच असणार. कोष्टी आणि मोमीन दोघेही विणकर. सूत, रंग, व्यापारी, उधारी, मंदी, सगळं सामायिक. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे मॉडेल मिल आली, आणि शहरातल्या सगळ्या समाजांचे लोक एकाच भोंग्यावर कामाला जाऊ लागले. तिथे भेदभाव नव्हता असं मी म्हणणार नाही, होताच. पण मजुरी वाढवून घ्यायची असेल तर युनियनच्या सभेत एकमेकांशेजारी बसावं लागे. भांडण झालं तर ते कुठे न्यायचं हे माहीत होतं, आणि ते मिटलं नाही तर दोघांच्याही चुलीवर परिणाम व्हायचा. हातमाग गेले, मिलच्या चिमण्या थंड झाल्या. शेजार राहिला, फराळ राहिला, पण एकत्र चालवायचं काही उरलं नाही. बाहेरच्यांना आत यायला जागा तिथे मिळाली.

हा माझ्या मनाचा अंदाज नाही. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा अभ्यास करताना शहरांच्या जोड्या लावून पाहिल्या. त्यातली एक जोडी उत्तर प्रदेशातल्या अलीगढ आणि केरळातल्या कालिकतची. मुसलमानांचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखं. अलीगढमध्ये पुन्हा पुन्हा दंगली, कालिकत शांत. त्यांना आढळलेला फरक असा, की कालिकतमध्ये व्यापारी संघटना, कामगार संघटना, क्लब, मंडळं अशा ठिकाणी दोन्ही समाज एकत्र काम करत होते. एकमेकांकडे जाणंयेणं, मुलांनी सोबत खेळणं यानंही फरक पडतो, पण खेड्यात तेवढ्यावर भागतं. शहरात, कुणी मुद्दाम आग लावायला निघालं तर, नुसता शेजार ती थोपवू शकत नाही. ज्यांचं काहीतरी एकत्र चालू आहे, ज्यांना उद्या सकाळी पुन्हा एकाच टेबलावर बसायचं आहे, ते रात्री फोन करतात आणि अफवा खोटी ठरवतात.

म्हणून सलोख्यासाठी आधी एकत्र जेवू नका, आधी एकत्र कारभार करा. कारभार लहान असला तरी चालेल, पण खरा हवा: ज्यात पैसा, वेळ किंवा जागा यांची वाटणी आहे आणि चुकलं तर दोन्हीकडचं नुकसान आहे.

तुमच्याकडे तो आहे! तुमच्या पत्रातली मला सर्वांत आशेची वाटलेली ओळ गटाच्या खात्याची आहे. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, "पैसे काढायला सही दोघींची लागते, म्हणून ते पण अडकलं." अडकलं म्हणू नका. गल्लीत इतकं होऊनही तुम्हा दोघींना एकत्र आल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशी एक सोय शिल्लक आहे. दोन वर्षांहून अधिक काळ काहीच व्यवहार झाला नाही तर बँक खातं निष्क्रिय ठरवते आणि पुन्हा केवायसीची कागदपत्रं द्यावी लागतात. तेव्हा त्याआधी बँकेत जाणं गरजेचं आहेच. मैत्रिणीला भेटायला हे कारण पुरेसं आहे, आणि बँक ना तुमच्या अंगाला आहे ना तिच्या. तिथे सलोख्याविषयी एक शब्दही बोलू नका. पासबुक भरून घ्या, कुणाचे किती हप्ते राहिले ते लिहा, कुणाला कर्जाची निकड आहे ते विचारा. घरात आजारपण, मुलांची फी, पावसाळ्यात गळणारं छप्पर या गोष्टी दोन्ही अंगांना आहेत. गट पुन्हा भरला की पहिला प्रश्न दुकानाचा घ्या, कारण बहिष्कार हा सर्वांना दिसणारा आणि रोज दुखणारा आहे.

इथे तुम्हाला एका दूरच्या ठिकाणाची गोष्ट सांगावीशी वाटते. केनियाच्या ईशान्य भागात वजीर नावाचा जिल्हा आहे. तिथे सोमाली लोकांची वेगवेगळी कुळं राहतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ होता, शेजारचा सोमालिया कोसळला होता, शस्त्रं स्वस्त झाली होती, आणि कुळांमध्ये रक्तपात चालू होता. बाजारात एका कुळाची बाई दुसऱ्या कुळाच्या बाईला माल विकेना. काही बायकांनी ठरवलं की निदान बाजार सगळ्यांसाठी खुला राहिला पाहिजे. त्यात डेखा इब्राहिम अब्दी होत्या. २००७ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. या बायका बाजारात लक्ष ठेवू लागल्या. कुळावरून कुणाला अडवलं की तिथल्या तिथे मधे पडायच्या. बाजार सुरळीत झाल्यावर त्या कुळांच्या ज्येष्ठांकडे गेल्या, मग तरुणांना ओढलं. ज्येष्ठांना एकत्र बसवताना त्यांनी पुढाकार लहान कुळांच्या, भांडणात थेट नसलेल्या माणसांकडे दिला. काही वर्षांनी त्यांची समिती जिल्हा प्रशासनाच्या कामाचाच भाग झाली. वजीरचं दुखणं नागपूरच्या कैक पटींनी भयंकर होतं, तुलना त्यापुरती करत नाही. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी बाजार, मग ज्येष्ठ. तुमच्या गल्लीत उलटं झालं: आधी हार आणि फोटो, आणि दुकान तसंच ओस.

तेव्हा गटातल्या बायकांनी एवढंच ठरवावं की आपण दुकान बघून माल घेऊ आणि काम बघून शिवायला देऊ. घोषणा करू नका, कुणाला शपथ घालू नका. सासूबाईंचं मीठ पुन्हा त्या दुकानातून आलं की चार घरं बघतील. कुणी टोकलं तर "जवळ पडतं, माप चोख आहे" हे खरं उत्तर पुरेल.

आता त्या टोकाच्या घरांविषयी. तुम्ही पूर्ण पत्रात "दोन्ही समाज" असं लिहिलं आहे आणि बौद्ध कुटुंबांचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे. त्यांची मुलंही त्याच मैदानावर खेळतात ना? १४ एप्रिलला त्यांची मिरवणूकही तिथूनच निघत असेल. दीक्षाभूमीच्या या शहरात तीन समाज राहतात तिथे दोनच मोजले जावेत, हे मला खटकलं, आणि तुमच्याही लक्षात आलं असतं तर खटकलं असतं असं वाटतं. त्यांना "मध्यस्थ व्हा" म्हणून बोलावू नका. दोन मोठ्यांच्या भांडणात लहानावर ओझं टाकणं अन्यायाचं होईल. मैदानाचे तिसरे हक्कदार म्हणून बोलावा. मग त्यांना मधे पडावंसं वाटलं तर ते स्वतःच पडतील. "दोन्ही समाज" या शब्दांत आणखी एक गोष्ट झाकली जाते. तुमच्या बाजूला सगळे दुकानावर बहिष्कार टाकणारे नाहीत, तिकडेही सगळे तुमच्यावर चिडलेले नाहीत. जे गप्प आहेत ते किती आणि कोण, हे तुम्हाला गटातून कळेल. वडीलधाऱ्यांच्या बैठकीतून कधीच कळलं नसतं.

मैदान हा दुसरा कारभार. भांडण तिथेच झालं, त्यामुळे ते कधी ना कधी हातात घ्यावंच लागेल. यासाठी एकच बैठक घ्या, आठ-दहा माणसांची, तिन्ही घरांच्या गटांतून, त्यात निम्म्या बायका आणि किमान दोन खेळणारे पोट्टे. समोर तिन्हींचं वर्षाचं कॅलेंडर ठेवा. सणांच्या तारखा एकमेकींवर आदळणं हे आभाळातून पडत नाही, वर्षभर आधी कळतं. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून मिलाद दरवर्षी तेवढा अलीकडे येतो. गणपती मात्र अधिक महिन्यामुळे भाद्रपद सोडत नाही. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले होते. तेव्हा मुंबईत मुस्लिम संघटनांनी जुलूस एक दिवस पुढे नेला आणि राज्य सरकारनं २९ तारखेला सुट्टी दिली. २०२४ आणि २०२५ मध्येही तारखा लागूनच होत्या. आता त्या दोघांमधलं अंतर वाढत जाईल, पण रमजान आणि होळी यांसारख्या दुसऱ्या जोड्या जवळ येतात. कुणाचा मांडव किती दिवस, उतरवून मैदान कधी मोकळं, आवाज कधी बंद, खेळाची वेळ कोणती, हे एका कागदावर लिहा. आवाजाच्या बाबतीत तर नियम तुम्हाला बनवावाही लागत नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, सरकारनं सवलत दिलेले मोजके दिवस सोडून. हा कायदा मांडवाला, स्टेजला आणि मिरवणुकीला सारखाच आहे. तो तिन्हींनी तिन्हींना सारखा लावला, तर "आम्हालाच का" हा प्रश्न उरत नाही. मैदान महापालिकेचं असो की सुधार प्रन्यासचं, परवानगीचा अर्ज त्या कार्यालयात जातोच. यंदा तिन्ही अर्जांना हा कागद जोडून द्या.

क्रिकेटसाठी एक विनंती आहे. कृपा करून "हिंदू संघ विरुद्ध मुस्लिम संघ, मैत्रीपूर्ण सामना" असं काही ठेवू नका. हेतू चांगला असतो, पण शेवटच्या षटकात मैत्री राहत नाही. संघ मिसळून करा, अंपायर फिरते ठेवा. इराकमध्ये आयसिसच्या अत्याचारांनंतर ख्रिश्चन फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू मिसळून एक प्रयोग झाला होता. सल्मा मूसा या संशोधिकेनं तो २०२० मध्ये प्रसिद्ध केला. सोबत खेळलेली मुलं पुढच्या हंगामातही मिश्र संघात खेळायला तयार झाली, सहा महिन्यांनंतरही सोबत सराव करत होती. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांविषयीचं त्यांचं वागणं फारसं बदललं नाही. मला हे दोन्ही निष्कर्ष सारखेच मोलाचे वाटतात. मिश्र संघ केल्यानं तुमच्या पोट्ट्यांचं एकमेकांशी वागणं सुधारेल. दुकानाचा प्रश्न त्यातून सुटणार नाही, तो वेगळा सोडवावा लागेल.

तिसरी गोष्ट अफवेची, आणि ही लवकरात लवकर करा. १७ मार्च २०२५ ला अफवा आणि चित्रफिती किती वेगानं पसरल्या ते या शहरानं पाहिलं आहे. तिन्हीकडून दोन-दोन अशी सहा माणसं ठरवा. रात्री फोन उचलणारी, घरात ज्यांचं ऐकलं जातं अशी. नियम एकच: काही ऐकलं, पाहिलं, फॉरवर्ड आलं की ते पुढे पाठवण्याआधी समोरच्या बाजूच्या माणसाला फोन. खोटं निघालं तर दोघांनी आपापल्या ग्रुपवर एकाच वेळी तसं लिहायचं. खरं निघालं तर ११२ वर फोन आणि ठाण्यात खबर. यासाठी नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढण्यापेक्षा सहा नंबर कागदावर लिहून घराघरांत भिंतीला चिकटवलेले बरे.

पोलिसांना यात घ्यायचं का? घ्यायचंच. भिवंडीचं उदाहरण महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असायला हवं. यंत्रमागांचं गाव, १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झालेलं. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी त्यांत दोन्ही समाजांतली साधी माणसं घेतली, सोबत ठाण्यातले कर्मचारी, आणि बैठका नियमित. गटार, नळ, नवरा-बायकोची भांडणं, सगळं तिथे यायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं असं काम उभं राहिलं. आपल्याकडे सणांआधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, पण तिथे तीच तीच नावं असतात आणि सण संपला की समिती झोपते. तुमचा मैदानाचा कागद घेऊन तिघी-चौघी ठाणेदारांना भेटा. भाषण करू नका, दोनच गोष्टी मागा: बीटवरचा एक ठरावीक कर्मचारी, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास.

मुलाविषयी तुम्ही सर्वांत शेवटी लिहिलं आहे, आणि मला वाटतं पत्र खरं त्याच्यासाठीच लिहिलं आहे. "माफी मागायला न्यावं का," असं विचारता. तो १९ वर्षांचा आहे ताई, त्याला कुठे "नेता" येणार नाही. आधी त्याच्याजवळ बसा आणि त्या संध्याकाळी काय झालं ते पूर्ण ऐका, मधे न बोलता. त्यानं मारलं का? अडवलं का? नुसता उभा होता का? कुणी मारलं हे त्याला माहीत आहे का? या चार उत्तरांवर पुढचं सगळं अवलंबून आहे. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत आहे. अशा काही गुन्ह्यांत न्यायालयाच्या परवानगीनं तडजोड होऊ शकते, काहींत होतच नाही. म्हणून माफीचं पाऊल टाकण्याआधी वकिलाशी बोला. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते. मुलाला खरं माहीत असेल तर ते पोलिसांना सांगण्याच्या बाजूनं मी आहे. गल्लीतले लोक त्याला फितूर म्हणतील, तुम्हालाही ऐकून घ्यावं लागेल, हे मला दिसतंय. तरी ज्या आईच्या पोराचा हात मोडला तिला आधी हे कळायला हवं, की आपल्या पोरासोबत जे घडलं ते कुणीतरी खरं मानतंय. त्याशिवाय तिच्याकडून सलोख्याची अपेक्षा करणं म्हणजे तिला गप्प बसायला सांगणं आहे.

तुम्ही स्वतः मात्र त्या घरी जाऊ शकता, आणि जा. मैत्रिणीला आधी विचारा की कधी गेलेलं चालेल. हात कसा आहे, मुलगा कॉलेजला जातो का, एवढंच विचारा. उपचाराच्या खर्चाला गल्लीतून हातभार लावता आला तर लावा, पण "केस मागे घ्या" हे शब्द कुणाच्याही तोंडून निघता कामा नयेत. मदत आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्या बाजूच्या माणसांना आधीच बजावा.

असे प्रश्न इतर वस्त्यांतूनही येतात. कुठे वाद भोंग्याचा, कुठे बाहेरच्या राज्यातून आलेल्या भाडेकरूंचा, कुठे विहाराच्या जागेचा. त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच लिहिते. सगळंच टेबलावर मिटवायचं नसतं. मैदान, आवाज, पार्किंग, पाणी, मिरवणुकीचा रस्ता हे वाद बसून सुटतात. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात परिसराची शांतता बिघडवू शकणाऱ्या अशा वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीची वेगळी तरतूद ठेवली आहे: दोन्ही पक्षांची आधी संमती, तीन मध्यस्थांचं मंडळ. त्यातला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही, तो पाळणाऱ्यांच्या भरवशावरच उभा राहतो. विधी सेवा प्राधिकरणात गेलात की याबद्दलही विचारा. पण मारहाण, स्त्रियांवरचा अत्याचार, जातीवरून केलेला अपमान किंवा हल्ला हे गुन्हे आहेत. अ‍ॅट्रॉसिटीच्या प्रकरणात "गावात राहायचं आहे ना" म्हणून बसवलेली बैठक म्हणजे दबाव असतो, तिला सलोखा म्हणू नये. कुणी अशा बैठकीला बोलावलं तर जाऊ नका आणि पीडित कुटुंबालाही एकटं जाऊ देऊ नका.

मेळाव्याचं म्हणाल तर मैदानाचा कागद एक गणपती, एक मिलाद आणि एक १४ एप्रिल टिकू द्या. तो टिकला तर मेळावा घ्या, मोठा घ्या. भाषणं नकोत. स्वयंपाक गटानं करावा, शाकाहारी, म्हणजे कुणालाच ताट बाजूला सारावं लागणार नाही.

शेवटी मैत्रिणीविषयी. ती पहिल्यांदा नाही म्हणण्याची शक्यता बरीच आहे. तिच्याही घरात एखादा दीर असेल, आणि तिच्या घराचं दुकान उघड्यावर आहे. तुमच्यापेक्षा तिला गमावण्यासारखं जास्त आहे. तिनं नकार दिला तर वाईट वाटून घ्या, पण गल्लीत कुणाला सांगू नका. तो नकार दुसऱ्याच दिवशी "बघा, त्यांनाच नको आहे" होऊन फिरेल. तिला विचारा की अडचण कशाची आहे: वेळेची, जागेची, की कुणी पाहील याची. महिन्याभरानं पुन्हा विचारा. तोवर गटातल्या बाकीच्या बायकांकडे जा, टोकाच्या घरांतल्या बायकांनाही गटात यायचं आहे का ते विचारा, आणि सहा फोन नंबरांचं काम तिच्यासाठी थांबवू नका.